सबमिशन तोंडावर आलंय आणि हातच चालत नाहीये, चालढकल थांबवायची कशी?

शेवटचा_बाक

नमस्कार सगळ्यांना. मी थर्ड इयरला आहे, कॉम्प्युटरला. प्रोजेक्ट रिपोर्ट द्यायला २६ दिवस राहिलेत आणि माझ्या फाईलमध्ये आज काय आहे तर शीर्षक, माझं नाव, रोल नंबर आणि गाईडचं नाव. बस. ही फाईल मी दीड महिन्यापूर्वी बनवलीय.

रोजचा प्रकार सांगतो म्हणजे नीट कळेल. ठरवतो की आठला बसायचं. बघतो तर आठ वाजून बारा मिनिटं झालेली असतात, मग वाटतं आता अधेमधे काय बसायचं, सरळ नऊला बसू. नऊला मी खरंच बसतो पण. लॅपटॉप उघडतो, फाईल उघडतो, कर्सर लुकलुकत असतो आणि पोटात गोळा येतो. मग मी मार्जिन सेट करतो, फॉन्ट बदलून बघतो, कोऱ्या पानांना नंबर टाकतो, मग टेबलावरचा पसारा दिसतो म्हणून टेबल आवरतो, टेबल झालं की ड्रॉवर, आणि साडेदहाला मोबाईल घेऊन आडवा होतो. झोप काही लागत नाही.

गाईड सरांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "चालू आहे सर" म्हणालो. आता ते कॉरिडॉरमध्ये दिसले की मी दुसऱ्या जिन्याने जातो. खोटं बोललो याचं जास्त वाईट वाटतं.

टाईमटेबल चार वेळा बनवलं, रंगीत पेनं वापरून. दोन ॲप पण टाकून बघितले. तीन दिवस चालतं आणि मग पहिले पाढे पंचावन्न. घरचे म्हणतात आळशी झालायस. पण गेल्याच आठवड्यात मित्राचा कोड अडला होता तर रात्री तीनपर्यंत बसून मी त्याचा बग शोधून दिला, तेव्हा आळस कुठे होता मग? कृपया कोणी यातून बाहेर पडलं असेल तर सांगा, "मन लावून अभ्यास कर" एवढं सोडून काहीही चालेल.


पीएचडी_चालू

मी मानसशास्त्रात रिसर्च करते, चालढकल हा माझा थेट विषय नाही पण शेजारचाच आहे आणि वाचलंय बरंच, म्हणून जरा मोठं लिहिते.

आधी एक. तू आळशी नाहीयेस. आळशी माणसाला काम न केल्याचं काही वाटत नाही, तो निवांत झोपतो. तुझी झोप उडालीय. चालढकलीत माणसाला काम करायचं असतं, न केल्याने नुकसान होणार हेही त्याला पक्कं माहीत असतं, आणि तरी तो ते पुढे ढकलतो. आणि तू एकटा तर अजिबात नाहीस. पिअर्स स्टील म्हणून एक संशोधक आहेत, त्यांनी २००७ मध्ये या विषयावरचे शेकडो अभ्यास एकत्र करून तपासले, त्यात कॉलेजमधली ८० ते ९५ टक्के मुलं कमीजास्त प्रमाणात चालढकल करतात असा अंदाज दिलाय.

आता तुझ्याच पोस्टमधलं एक वाक्य परत वाच. "कर्सर लुकलुकत असतो आणि पोटात गोळा येतो." सगळं उत्तर तिथे आहे बघ. आपण चालढकलीला वेळेच्या नियोजनाचा प्रॉब्लेम समजतो आणि म्हणून टाईमटेबलं बनवत सुटतो. फुशिया सिरॉय आणि टिमोथी पायचिल यांनी २०१३ मध्ये हे फार नीट मांडलंय की हा प्रॉब्लेम मुळात भावनेचा आहे. कामाशी काहीतरी नकोसं चिकटलेलं असतं, भीती असेल, कंटाळा असेल, "आपल्याला हे जमणार नाही" असं असेल. काम बाजूला ठेवलं की ते नकोसं वाटणं लगेच थांबतं, बरं वाटतं, आणि मेंदू तेवढंच शिकतो की पळालं की बरं वाटतं. पुढच्या वेळी तो आणखी लवकर पळतो. मार्जिन सेट करणं, ड्रॉवर आवरणं हे सगळं पळणंच आहे, फक्त ते कामासारखं दिसतं म्हणून अपराधी जरा कमी वाटतं. टाईमटेबल बनवणं पण त्यातच आलं.

मित्राचा कोड तू रात्री तीनपर्यंत का करू शकलास? कारण तो चुकला असता तरी तुझ्यावर काही येणार नव्हतं. तिथे भीती नव्हती.

म्हणून माझा तुला प्रश्न आहे, रिपोर्टमधलं नेमकं काय नको वाटतंय? "रिपोर्ट" असं उत्तर देऊ नकोस, कुठला भाग ते शोध. घोडं नक्की कुठेतरी एकाच ठिकाणी अडलेलं असतं.


डेडलाईन_वाला

थोडं वेगळं मत. मला तर प्रेशर असल्याशिवाय सुचतच नाही, शेवटच्या दोन रात्रीत जे काम होतं ते आधी महिनाभरात होत नाही. काही लोकांचा स्वभावच तसा असतो, त्याला आजार समजायची गरज नाही असं मला वाटतं.


पीएचडी_चालू

@डेडलाईन_वाला, आजार मी पण म्हणत नाहीये. पण "प्रेशरमध्ये चांगलं होतं" हे आपल्याला का वाटतं ते बघ. शेवटच्या रात्री सुचतं कारण तेव्हा न करण्याची भीती ही करण्याच्या भीतीपेक्षा मोठी होते, म्हणून हात सुटतो. काम होतं, पण चांगलं होतं का हे आपण कधी ताडून बघत नाही कारण वेळेत केलेलं काम बघायलाच मिळत नाही. डायने टाइस आणि रॉय बॉमाइस्टर यांनी १९९७ मध्ये कॉलेजच्या मुलांवर केलेला अभ्यास आहे. सेमिस्टरच्या सुरुवातीला चालढकल करणारी मुलं बाकीच्यांपेक्षा जास्त निवांत आणि तब्येतीनेही बरी होती, आणि शेवटाकडे चित्र उलटं झालं, ताण जास्त, आजारपणं जास्त, मार्क कमी. सुरुवातीला वाचवलेला ताण शेवटी व्याजासकट फेडला त्यांनी.


रात्रपाळी_बंद

भावा तुझी पोस्ट वाचून मला माझं सेकंड इयर आठवलं. मी दोन विषय राहिल्यावर जागा झालो, त्यामुळे मनापासून सांगतो, मोठमोठं काही ठरवू नकोस. मी दर सोमवारी नवीन माणूस व्हायचं ठरवायचो आणि बुधवारी स्वतःला शिव्या घालत असायचो.

मला ज्याने फरक पडला ते सांगतो. काम इतकं लहान करायचं की त्याची भीती वाटणं शक्यच नाही. "चॅप्टर १ लिहायचा" हे काम नाहीये, तो डोंगर आहे. "फाईल उघडून हा प्रोजेक्ट कशासाठी केला हे दोन वाक्यात लिहायचं, वाईट भाषेत चालेल" हे काम आहे. मी तर सुरुवातीला मित्राला मेसेज करतो तसं लिहायचो, "अरे झालं काय की हजेरी हाताने घेतात त्यात फार वेळ जातो म्हणून आम्ही असं केलं" असं, आणि मग दुसऱ्या दिवशी त्याची रिपोर्टची भाषा करायचो. कोऱ्या पानापुढे बसणं वेगळं आणि वाईट लिहिलेल्या पानापुढे बसणं वेगळं. वाईट पान दुरुस्त करायला हात आपोआप जातो.

दुसरं, "आठला बसायचं" असं ठरवू नकोस, कारण आठ वाजतात आणि निघून जातात, आपल्याला कळत पण नाही. घड्याळाच्या ऐवजी रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांध. माझं होतं, कॉलेजमधून आल्यावर सॅक खाली ठेवली की कपडे बदलायच्या आधी लॅपटॉप उघडायचा आणि कालचं शेवटचं वाक्य मोठ्याने वाचायचं. एवढंच, वाचून बंद केलं तरी चालेल असं स्वतःला खरंच सांगितलं होतं, आणि पहिल्या आठवड्यात दोनदा खरंच बंद केलं. बाकीचे पाच दिवस एकदा वाचलं की पुढचं लिहिलं गेलं. नंतर कळलं की याला नाव पण आहे, पीटर गोलवित्सर यांनी १९९९ मध्ये यावर सविस्तर लिहिलंय, "असं झालं की मी तसं करणार" अशा शब्दात आधीच ठरवून ठेवायचं. त्या क्षणी करू की नको हा विचारच करावा लागत नाही म्हणून ते चालतं.

तिसरं, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं, उठताना वाक्य अर्धं सोडायचं. म्हणजे "या मॉड्यूलमध्ये आपण" एवढं लिहून उठायचं. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या पुढचे शब्द हातात तयार असतात. परिच्छेद पूर्ण करून उठलो की दुसऱ्या दिवशी परत कोरं पान, परत पोटात गोळा.

टायमर पण वापर हवं तर. २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं सुट्टी, पोमोडोरो म्हणतात त्याला, फ्रान्सेस्को सिरिलो नावाच्या मुलाने १९८० च्या दशकाच्या शेवटी काढलेलं, तो तेव्हा आपल्यासारखाच कॉलेजात होता आणि अभ्यासात मन लागत नव्हतं म्हणून टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं टायमर घेऊन बसायचा. पण २५ जड वाटले तर १० लाव. आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत, उलटा करून टेबलावर नाही, दुसऱ्या खोलीत. उठून आणायला जावं लागलं पाहिजे.


खडू_डस्टर

मी कॉलेजात शिकवतो, दरवर्षी सात-आठ ग्रुपचे प्रोजेक्ट माझ्याकडे असतात. त्यामुळे जिन्याच्या दुसऱ्या बाजूने लिहितो.

बाळा, जिना बदलणारा मुलगा आम्हाला दिसतो. प्रत्येक बॅचला दोन-तीन असतात. आणि तुला वाटतंय तसा राग येत नाही, काळजी वाटते, कारण ज्याचं काहीच झालेलं नाही तो जितक्या उशिरा येईल तितकं आम्हाला त्याच्यासाठी करता येण्यासारखं कमी उरतं. २६ दिवस असताना आलेल्या मुलाचा रिपोर्ट सुटसुटीत करून देता येतो, कुठला भाग दोन पानात आटपायचा, कुठे जोर द्यायचा हे सांगता येतं. तीन दिवस उरल्यावर आलेल्याला फक्त सही देता येते, किंवा तीही नाही.

तर उद्या जा. काय बोलायचं ते आधीच ठरवून जा म्हणजे तोंड उघडेल. "सर, मी चालू आहे म्हणालो होतो पण लिखाण सुरू झालेलं नाही. माझ्याकडे एवढं एवढं तयार आहे. मला दर चार दिवसांनी तुम्हाला एक भाग दाखवायचाय, तारखा तुम्ही द्याल का?" शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. तारखा त्यांच्याकडून घे. डॅन एरिएली आणि क्लाऊस व्हर्टेनब्रॉख यांचा २००२ चा प्रयोग आहे, त्यात लोकांना काही मजकुरातल्या चुका शोधायचं काम दिलं होतं. ज्यांना समान अंतराच्या तारखा बाहेरून लावून दिल्या त्यांचं काम सगळ्यात चांगलं झालं, ज्यांनी आपल्या तारखा आपणच ठरवल्या ते मध्ये, आणि ज्यांना फक्त एकच शेवटची तारीख होती ते सगळ्यात मागे. तुझ्याकडे आत्ता एकच शेवटची तारीख आहे.

आणखी एक, कारण २६ दिवस ऐकायला भरपूर वाटतात. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी मानसशास्त्राच्या मुलांना विचारलं की तुमचा प्रबंध किती दिवसात होईल. मुलांचा सरासरी अंदाज होता साधारण ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. ही हुशार, शेवटच्या वर्षातली मुलं होती. म्हणून तू जेवढे दिवस धरशील त्याच्या दीडपट धर आणि प्रिंट, बाइंडिंग, सह्या यासाठी शेवटचे चार दिवस मोकळे ठेव, त्या दिवसांत प्रिंटर बंद पडतो आणि सही करणारे रजेवर असतात, हे मी दरवर्षी बघतो.


शेवटचा_बाक

सगळ्यांनी इतकं लिहिलंय, मी दोनदा वाचलं. @पीएचडी_चालू ताई तुमचा प्रश्न डोक्यात घेऊन बसलो, कुठला भाग नकोसा वाटतोय. इंट्रोडक्शन नाही, कोडचं वर्णन पण नाही. तो रिझल्टचा चॅप्टर आहे. आम्ही सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे सुरुवातीला द्यायच्या आराखड्यात, लिहून बसलो की आमचं मॉडेल ९० टक्क्यांच्या वर अचूक येईल, आणि ते येतंय ७१. दोन महिने झाले हे आकडे मला माहितीयेत. फाईल उघडली की मला तोच चॅप्टर दिसतो, अजून एक ओळ लिहिलेली नसताना. हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं, पार्टनरला पण नाही.


खडू_डस्टर

आता कळलं बघ. आणि ऐक, ७१ हा रिझल्ट आहे. तो लपवायचा नसतो, समजावून सांगायचा असतो. डेटा किती होता, कुठल्या प्रकारच्या इनपुटवर चुकतंय, काय काय करून बघितलं आणि त्याने किती फरक पडला, हे दोन तक्ते आणि चार पानं होतात आणि व्हायवाला बाहेरचे परीक्षक नेमकं तेच विचारतात. ९६ टक्के लिहिलेले आणि एकाही प्रश्नाचं उत्तर न देता आलेले रिपोर्ट मी पाहिलेत, त्यापेक्षा प्रामाणिक ७१ ला जास्त मार्क दिलेत मी. सिनॉप्सिस हा अंदाज असतो, तो चुकला तर "का चुकला" हाच तुझा अभ्यास.

तोच चॅप्टर आधी लिही. बाकीचे त्याच्या मागे लपलेत.


वही_कोरी

मध्येच विचारते, सॉरी. माझं रिपोर्टचं नाही, थिअरी पेपरचं असंच होतं. पुस्तक उघडलं की ४० पानांचा चॅप्टर बघूनच बंद करते. त्याला काय करायचं? आणि आधीच तीन आठवडे वाया घालवलेत त्याचा इतका राग येतो स्वतःचा की त्या रागातच अजून दिवस जातो.


पीएचडी_चालू

@वही_कोरी सॉरी कशाला. चॅप्टर पहिल्या पानापासून वाचायला घेऊच नकोस. कोरा कागद घे, लेक्चरमधलं जे काही आठवतंय ते पाच मिनिटं लिही, चारच शब्द आठवले तर चारच. मग पुस्तक उघडून फक्त त्या चार शब्दांच्या आजूबाजूचं वाच. पुस्तक बंद, परत लिही. यात सुरुवात तर सोपी होतेच, पण लक्षातही जास्त राहतं. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं की पाच मिनिटांनी विचारलं तर परत परत वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे गेलेले असतात. पेपर आठवड्याने असतो, पाच मिनिटांनी नाही.

रागाचं मात्र आधी बघ, कारण तो पुस्तकालाच चिकटतो. पुस्तक दिसलं की तीन आठवडे आठवतात, म्हणून पुस्तक नको वाटतं, म्हणून चौथा आठवडा जातो. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात २०१० मध्ये वोल, पायचिल आणि बेनेट यांनी फर्स्ट इयरच्या ११९ मुलांना पहिल्या परीक्षेच्या अगदी आधी विचारलं की तुम्ही चालढकल केलीत त्याबद्दल स्वतःला माफ केलंत का. ज्यांनी माफ केलं होतं त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. स्वतःला शिक्षा देऊन सुधारणा होते असं आपल्या मनावर लहानपणापासून ठसलंय, मला स्वतःला हे पटायला वर्ष लागलं.


साधी_गोष्ट

एकच लिहिते आणि थांबते. वर सांगितलेलं सगळं करूनही जर आठवड्यांमागून आठवडे कशातच मन लागत नसेल, आवडीच्या गोष्टीतही नाही, झोप-भूक बिघडली असेल, किंवा लहानपणापासूनच कुठलंही काम हातात टिकत नसेल, तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जाऊन या. डिप्रेशन किंवा एडीएचडी (लक्ष टिकत नाही तो त्रास) असेल तर ती बाहेरून अगदी चालढकलीसारखीच दिसतात आणि टायमरने बरी होत नाहीत. माझ्या बहिणीला एडीएचडी निघालं. ती चार वर्षं स्वतःला आळशी समजत होती, आम्ही पण समजत होतो, त्याचं आजही वाईट वाटतं.


शेवटचा_बाक

अकरा दिवसांनी लिहितोय. त्या दिवशी रात्री मी @रात्रपाळी_बंद भाऊने सांगितलं तसं केलं, चॅप्टर ५ म्हणून वेगळी फाईल काढली आणि पहिली ओळ लिहिली, "आमचं मॉडेल ७१ टक्के अचूक आहे आणि आम्हाला ९० अपेक्षित होते." ही ओळ लिहायला वीस मिनिटं लागली. त्यानंतर एक तास कसा गेला कळलं नाही, बाराला पार्टनरला फोन केला, तर तो म्हणाला अरे मला पण तेच सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेलो. दाराशी दोन मिनिटं उभा होतो. सरांना सगळं सांगितलं, ते काही बोलले नाहीत, कॅलेंडर काढलं आणि चार तारखा लिहून दिल्या. पहिली तारीख पाळली. दुसरीला एक दिवस उशीर झाला, पण त्या दिवशी मी जिना बदलला नाही, जाऊन सांगितलं की उद्या देतो.

सगळं गोड झालंय असं नाही. मागच्या रविवारी पूर्ण दिवस घालवला, परत ड्रॉवर आवरत बसलो होतो. संध्याकाळी लक्षात आलं तेव्हा फाईल उघडून एक तक्ता तेवढा भरला आणि झोपलो.

आता रिझल्ट आणि इम्प्लिमेंटेशन मिळून १९ पानं झालीत. लिटरेचर सर्व्हे, म्हणजे आधी झालेल्या संशोधनाचा आढावा, बाकी आहे, १२ रिसर्च पेपर वाचायचेत आणि ते बघून परत तसंच पोटात व्हायला लागलंय. याची लहान सुरुवात कशी करू, कोणी सांगेल का?


रात्रपाळी_बंद

१९ पानं! भारी काम केलंस भावा, खरंच.

१२ पेपर पूर्ण वाचू नकोस. आज फक्त सगळ्यांची शीर्षकं एका तक्त्यात टाक, पुढे तीन रिकामे रकाने ठेव, त्यांनी काय केलं, किती डेटा, किती अचूकता. मग प्रत्येकाचा फक्त सारांश आणि शेवटचं पान वाचून रकाने भर, एकाला दहा-पंधरा मिनिटं. ज्या तीन-चार पेपरांचं काम तुमच्या ७१ शी जुळतंय किंवा भांडतंय असं दिसेल तेवढेच नीट वाच. आणि पहिला पेपर तुला सगळ्यात सोपा वाटेल तो घे, यादीतला पहिला नाही.